आयोवातल्या एका बँकरचा माग : कागदपत्रांच्या कामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

पत्र्याची एक ट्रंक आणि पुठ्ठ्याची दोन खोकी कामासाठी आली. माणूस अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या उत्तर-मध्य भागातल्या छोट्या गावचा बँकर, मृत्यू १९३१. कुटुंबाच्या इच्छेनुसार नाव, गाव आणि काउंटी नोंदींत येणार नाही. तो फक्त ‘बँकर’.

काहीही उपसण्याआधी प्रत्येक थराचा वरून फोटो काढला. कोणता कागद कोणत्या कागदाला चिकटून होता, हाही पुरावाच असतो आणि तो एकदाच मिळतो. मग पेन्सिलीने क्रमांक : खोकं, थर, वस्तू. गंजलेल्या पिना ओढून काढायच्या नाहीत. पिनेखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून तिचे पाय उचलायचे, नाहीतर कागदाचा कोपरा पिनेबरोबर येतो. दोन ठिकाणी कसर लागली आहे. ते गठ्ठे वेगळ्या पिशव्यांत बंद.

घरच्यांना तोंडी जे माहीत आहे ते आधी उतरवून घेतलं. एकदा कागद दाखवले की आठवणी कागदाप्रमाणे वळतात. त्यांचं म्हणणं असं : तो १८६५ चा, लहानपणी जर्मनीहून न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या नाक्यावर उतरला, तिथे कारकुनाने आडनाव बदललं, गावातली बँक त्याच्या मालकीची होती, १९२६ मध्ये ती विकून तो निवृत्त झाला. शिवाय ‘१९०७ ची डायरी’ फार महत्त्वाची आहे, त्या सालच्या बँकिंग संकटाचा आँखों देखा हाल तीत असणार.

११ जानेवारी

पत्रांच्या नकलांची वही. जाड पुठ्ठा, आत सुमारे पाचशे तलम पानं. कार्बन पेपर रुळण्याआधी कचेऱ्यांत अशा वह्या असत : ताज्या शाईचं पत्र ओलसर केलेल्या तलम पानाखाली ठेवायचं, वही लोखंडी दाबयंत्रात पिळायची, शाई वर उतरते. उतरते ती उलटी, पण पान इतकं पातळ की दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता येते.

शाई जांभळी, म्हणजे ॲनिलिनची. तिला पाण्याचा थेंबही चालत नाही. सुरकुत्या काढायला वाफ देणं तर सोडाच. प्रत्येक पानामागे स्वच्छ पांढरा कागद सरकवून ४०० डीपीआयला स्कॅन केलं. पहिली वीस पानं मागे काहीही न घालता केली होती, त्यांत खालच्या तीन पत्रांच्या ओळी एकमेकींत गुंतल्या. ती पुन्हा. जांभळी शाई हिरवा प्रकाश शोषते, म्हणून रंगीत स्कॅनमधला फक्त हिरवा चॅनल काढून घेतला की फिकट अक्षरंही उठून दिसतात. संपूर्ण चित्राचा काँट्रास्ट वाढवला तर कागदाचे डागच आधी वर येतात.

छायाचित्रं ६०० डीपीआय, टिफ, पुढची आणि मागची बाजू दोन्ही. मागच्या बाजूचा छापील चौकोन, फोटोग्राफरचं गाव, पेन्सिलीचा आकडा, हे सगळं पुढे साल ठरवायला लागतं.

१९ जानेवारी

कौटुंबिक बायबल. जन्म-लग्न-मृत्यूच्या पानांवर पहिली नोंद १८३६ ची, बँकरचा जन्म ९ मार्च १८६४. मुखपृष्ठावर छपाईचं साल १८८२. म्हणजे १८८२ च्या आधीच्या सगळ्या नोंदी नंतर एकदम लिहिलेल्या. शाई एक, हात एक, ओळींमधलं अंतरही एक. त्या खोट्या आहेत असं नव्हे. पण त्या प्रसंगाच्या वेळच्या साक्षीदार नाहीत, कुणाच्या तरी आठवणीची नक्कल आहेत.

अक्षर जुन्या जर्मन वळणाचं, कुरेंट. मोडी शिकलेल्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल : भाषा येते, लिपी येत नाही. ‘e’ हा ‘n’ सारखा दिसतो, ‘u’ वर एक कमान असते आणि तीच त्याची ओळख. आधी महिन्यांची आणि घरातली ओळखीची नावं शोधून त्यांवरून त्या हाताचा अक्षरतक्ता तयार केला. छापील तक्त्यावर विसंबलं तर पहिल्याच पानावर अडायला होतं.

समाधीच्या दगडावर १८६५. दगडाचं साल मृत्यूच्या दाखल्यावरून आलेलं दिसतं आणि दाखल्यावर माहिती देणारा जावई. सासऱ्याचं जन्मसाल जावयाच्या तोंडून! दाखला मृत्यूच्या तारखेसाठी उत्तम, जन्माच्या तारखेसाठी ऐकीव.

२ फेब्रुवारी

जन्मस्थळ १८८० च्या जनगणनेत ‘हॅनोव्हर’, १८८५ च्या आयोवा राज्य जनगणनेत ‘प्रशिया’, १९०० मध्ये ‘जर्मनी’. तीन माणसं नाहीत, गावही एकच. त्यांचा पूर्व फ्रिसलंड हा भाग १८१५ पासून हॅनोव्हरच्या राज्यात होता, १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळलं, १८७१ मध्ये साम्राज्य झालं. कारकुनाने विचारलं आणि घरच्यांनी त्या दिवशी जे सुचलं ते सांगितलं. प्रशियात सरकारी जन्मनोंद १ ऑक्टोबर १८७४ पासून; त्याआधीचं सगळं चर्चच्या वहीत. तिथल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्म ९ मार्च १८६४. बायबल बरोबर निघालं.

आडनावाचं प्रकरण मराठी माणसाला चटकन कळण्यासारखं आहे. पूर्व फ्रिसलंडमध्ये वडिलांचं नाव मुलाच्या नावाला लागे. ‘यानसेन’ म्हणजे यानचा मुलगा. १८११ मध्ये कायमचं आडनाव घेण्याचा हुकूम निघाला, तरी वडिलांचं नाव मधे लावायची रीत पुढे चालू राहिली, आपल्यासारखीच. १८८० च्या गणनेत कारकुनाने ते मधलं नाव आडनाव समजून लिहिलं, म्हणून नावाच्या सूचीत कुटुंब सापडतच नव्हतं. गावाच्या सगळ्या पानांवरून ओळीने नजर फिरवली तेव्हा शेजाऱ्यांवरून मिळालं.

कुटुंब १८७१ मध्ये आलं. एलिस आयलंड उघडलं १८९२ मध्ये. न्यूयॉर्कला उतरणारे १८५५ ते १८९० कॅसल गार्डनला उतरत. आणि नाव बंदरावर बदललं ही कथा जवळपास प्रत्येक घरात सांगतात. प्रवाशांची यादी मुळात जहाज निघतानाच तयार होई, उतरवून घेणारा कारकून ती वाचून दाखवी. हॅम्बुर्गच्या याद्या १८५० ते १९३४ टिकल्या आहेत, ब्रेमेनच्या बहुतांश गेल्या. हे कुटुंब ब्रेमेनहून निघालेलं, म्हणून न्यूयॉर्कच्या बाजूची यादी हाच एक धागा.

नागरिकत्वाचा कागद त्याच्या नावे शोधण्यात दोन दिवस वाया. १९०० च्या गणनेत त्याच्यापुढे ‘Na’ हे लॅटिन अक्षरांतलं चिन्ह आहे, म्हणजे नागरिकत्व मिळालेला. पण वडील नागरिक झाले तेव्हा तो अल्पवयीन होता, त्यामुळे मुलगा आपोआप नागरिक. कागद वडिलांच्या नावे, काउंटी कोर्टात. २७ सप्टेंबर १९०६ पूर्वी हे काम कुठलंही पात्र कोर्ट करी आणि नमुने ज्याचे त्याचे. त्यामुळे त्यात बायकामुलांची नावं मिळतील ही आशा धरायची नाही.

१४ फेब्रुवारी

जनगणना लावून झाल्या. १८९० ची जवळजवळ सगळी गेली. १० जानेवारी १९२१ ला वॉशिंग्टनमध्ये व्यापार खात्याच्या इमारतीला आग लागली, जळलं ते जळलं आणि भिजलेलं नंतर टाकून दिलं. दुसऱ्या राज्यात २० वर्षांचं भगदाड पडतं. आयोवात १८८५ आणि १८९५ च्या राज्य गणना मधे आहेत. या संशोधनासाठी आयोवासारखं राज्य मिळणं म्हणजे नशीबच.

१९१५ ची राज्य गणना माणसागणिक एका कार्डावर आहे. १९१४ मधली कमाई, शिक्षण, चर्च, घर स्वतःचं का, त्यावर कर्ज किती, अमेरिकेत आणि आयोवात किती वर्षं. १९२५ ची त्याहून श्रीमंत : आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, त्यांचं लग्न कुठे झालं. बँकरच्या आईचं माहेरचं नाव फक्त इथे आणि जर्मन चर्चच्या वहीत आहे. बायबलमध्ये ती नुसती ‘आई’.

२६ फेब्रुवारी

कॅशियर या शब्दावर थांबायला हवं, कारण मराठीत वाचणारा हमखास फसतो. आपल्याकडे कॅशियर म्हणजे खिडकीमागे नोटा मोजणारा. त्या काळच्या अमेरिकन गावातल्या बँकेत कॅशियर म्हणजे बँक चालवणारा. कर्ज द्यायचं की नाही तो ठरवी, बँक स्वतःच्या नोटा काढत असेल तर त्यांवर त्याची सही असे, शिकागोच्या बँकेशी पत्रव्यवहार त्याचा. अध्यक्ष बहुधा जमीनदार किंवा धान्यव्यापारी. महिन्याकाठी बैठकीला येई. काउंटर सांभाळणाऱ्याला टेलर म्हणत, आणि छोट्या बँकेत तो वेगळा नसेही.

आपला बँकर १८८९ मध्ये सहायक कॅशियर, १८९५ पासून कॅशियर. अध्यक्ष कधीच नव्हता. ‘बँक त्याच्या मालकीची’ हे घरच्यांचं म्हणणं भागभांडवलाच्या हिशोबाने खोटं, रोजच्या कारभाराच्या हिशोबाने खरं.

काउंटीच्या छापील इतिहासग्रंथात त्याचं दीड पानी चरित्र आहे. हे ग्रंथ वर्गणीवर निघत. मजकूर बहुतेक त्या माणसानेच पुरवलेला. आपल्याकडच्या षष्ट्यब्दीच्या गौरव अंकासारखाच वाचायचा : गावं आणि लग्नाचं साल घ्यायचं, विशेषणं सोडून द्यायची.

५ मार्च

बँकेचा प्रकार आधी ठरवायचा. कागद कुठे शोधायचे ते त्यावर अवलंबून आहे. खाजगी बँकेला सनद लागत नसे, तिचे कागद फक्त घरात किंवा कोर्टात. राज्य बँक आणि बचत बँक राज्याच्या बँकिंग खात्याकडे. राष्ट्रीय बँक (सरकारी नव्हे, केंद्राची सनद असलेली) असेल तर अशा बँकांवर देखरेख करणारा वॉशिंग्टनचा अधिकारी, कंट्रोलर ऑफ द करन्सी, आणि त्याचे जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागारात १०१ क्रमांकाच्या संग्रहात.

ही बँक खाजगी म्हणून सुरू झाली, १९०१ मध्ये राष्ट्रीय झाली. कारण उघड आहे : त्याआधी लहानात लहान गावातही राष्ट्रीय बँकेला ५०,००० डॉलर भांडवल लागे, १४ मार्च १९०० च्या कायद्याने ३,००० पर्यंत वस्तीच्या गावात २५,००० पुरे झालं. मध्य-पश्चिमेतल्या शेकडो गावांनी तेव्हाच पाटी बदलली.

ट्रंकेच्या झाकणाच्या खिशात १० डॉलरची १९०२ मालिकेची नोट मिळाली, त्याच बँकेची. डावीउजवीकडे कॅशियर आणि अध्यक्ष यांच्या सह्या. कॅशियरची सही शाईची आणि गडद, अध्यक्षाची रबरी शिक्क्याची, उडून फिकट गुलाबी झालेली. अध्यक्ष गावात किती असे याचं उत्तर तिथेच आहे. नोटेवर ठळक छापलेला सनद क्रमांक घेतला. वॉशिंग्टनला कागद मागताना बँकेच्या नावापेक्षा तोच उपयोगी, कारण ‘फर्स्ट नॅशनल’ गावोगावी आहेत.

१५ मार्च

जमिनीचे दस्त. ट्रंकेत ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल’च्या चार वह्या आहेत. सातबारा, फेरफार आणि सर्च रिपोर्ट एकाच जुडग्यात बांधले तर जे होईल ते हे : सरकारकडून पहिल्या खरेदीपासून त्या तुकड्यावरचा प्रत्येक व्यवहार क्रमाने.

तुकड्याचं वर्णन शेवटाकडून उलटं वाचायचं. टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे जातात, दुसऱ्या ओळीत परत पूर्वेकडे, नांगर वळतो तसे. ‘सेक्शन १४ चा आग्नेय पाव’ म्हणजे १६० एकर. ‘त्या पावाचा वायव्य पाव’ म्हणजे ४०. एक ‘पाव’ वाचायचा राहिला की शेत चौपट होतं. पहिल्या तक्त्यात एका ठिकाणी असंच झालं होतं, दुरुस्त केलं.

किंमत दस्तात लिहिलेली नसते. ‘एक डॉलर आणि इतर मौल्यवान मोबदला’ ही ठरीव ओळ. तो डॉलर किंमत समजायचा नाही. किंमत दस्ताला चिकटवलेल्या महसुली तिकिटांत सापडते. १९१७ ते १९२६ दरम्यान दर ५०० डॉलरला किंवा त्याच्या भागाला ५० सेंट. बँकरने १९१९ मध्ये घेतलेल्या १६० एकरांच्या दस्तावर १६ डॉलरची तिकिटं : १६ भागिले ०.५० म्हणजे ३२, गुणिले ५००, जास्तीत जास्त १६,००० डॉलर. एकरी १००. त्या वर्षी आयोवात असा भाव? शक्यच नाही, म्हणून पुन्हा पाहिलं. जमिनीबरोबर विकत घेणाऱ्याकडे आलेलं जुनं गहाण या हिशोबात धरत नसत. आधीचं गहाणखत २०,००० चं होतं. एकूण ३६,०००, एकरी २२५. आता जुळलं. १९२० ला आयोवातला सरासरी भाव अडीचशेच्या घरात होता; १९३३ ला सत्तरच्या आसपास.

म्हणजे दुसऱ्यांना कर्ज देणारा हा माणूस स्वतः ऐन तेजीत, निम्म्याहून अधिक कर्जावर जमीन घेत होता. पुढचं सगळं या एका दस्तातून सुरू होतं.

२ एप्रिल

‘१९०७ ची डायरी’. खिशात मावणारी, चामडी बांधणी, पहिल्या पानावर छापील १९०७, प्रत्येक तारखेखाली छापील वार. तिची यादीत १९०७ म्हणूनच नोंद झाली होती आणि लिप्यंतरही त्याच समजुतीने चालू होतं.

शंका आली ती ऑक्टोबरमुळे. २२ ऑक्टोबर १९०७ ला न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट बंद पडली, पुढच्या आठवड्यांत देशभर बँकांनी रोख द्यायला हात आखडता घेतला. कॅशियरच्या डायरीत त्याचा शब्द नाही! उलट शाळा बंद, चर्च बंद, घरोघरी ताप. ११ नोव्हेंबर, सोमवार : सकाळपासून घंटा, बँक दुपारी बंद ठेवली.

वार खोडलेले नाहीत म्हणून साल छापील तेच, असा तर्क केला होता. तो इथे चालत नाही. १९०७ आणि १९१८ दोन्ही मंगळवारी सुरू झाली, दोन्ही साधी वर्षं, त्यामुळे वर्षभर वार तंतोतंत जुळतात. ईस्टर तरी सोडवेल म्हणून पाहिलं, तर दोन्ही वर्षी ईस्टर ३१ मार्चलाच. उरलेली कोरी डायरी ११ वर्षांनी काढली आणि एक अक्षरही न खोडता वापरता आली.

निकाल लागला तो त्याच ईस्टरच्या पानावर. चर्चच्या उपदेशाखाली एक ओळ : घड्याळं तासभर पुढे केली, निम्मे लोक उशिरा आले. अमेरिकेत घड्याळ पुढे करण्याचा पहिला दिवस ३१ मार्च १९१८.

त्यानंतर बाकीचं आपोआप जागेवर बसलं. ताप म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, घंटा म्हणजे महायुद्ध थांबल्याची. एप्रिलमधल्या ‘तिसऱ्या कर्जा’च्या नोंदी म्हणजे तिसरं लिबर्टी लोन, सरकारने युद्धखर्चासाठी लोकांकडून रोख्यांवर घेतलेलं कर्ज. काउंटीला ठरवून दिलेला कोटा गावांत वाटायचं काम बँकरांकडे असे, कुणी किती रोखे घेतले याची यादी डायरीत आहे. आणि २५ मेपासून डायरीची भाषा बदलते, जर्मनची इंग्रजी होते. २३ मे १९१८ ला गव्हर्नर हार्डिंग यांनी शाळा, चर्च, आगगाडी, टेलिफोन अशा सगळ्या ठिकाणी फक्त इंग्रजी बोलण्याचा जाहीरनामा काढला होता. खाजगी डायरीला तो लागू नव्हता. पण ही डायरी काउंटरवर उघडी पडलेली असे. डिसेंबरात जाहीरनामा मागे घेतला गेला. डायरीत जर्मन परत आलं नाही.

यादीत दुरुस्ती : डायरी १९१८, छापील साल १९०७. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यापुढे कारण लिहायचं.

१८ एप्रिल

गावच्या साप्ताहिकातले बँकेचे छापील ताळेबंद एकत्र लावले. राष्ट्रीय बँकांना वर्षातून अनेक वेळा स्थिती जाहीर करावी लागे, आणि ती कोणत्या तारखेची हे कंट्रोलर तारीख उलटून गेल्यावर कळवी, म्हणजे खाती आधी सजवता येऊ नयेत. नुसत्या ठेवींचा आकडा पाहू नये. तीन ओळी शेजारी मांडायच्या : ‘देय कर्ज आणि पुनर्वटवणी’ (बँकेने स्वतः घेतलेलं कर्ज), ‘इतर स्थावर’ (कर्जापोटी गळ्यात पडलेली जमीन), आणि ठेवी. १९२१ पासून पहिल्या दोन चढत जातात, तिसरी उतरते. १९२५ च्या शेवटी ‘इतर स्थावर’ भांडवलाहून मोठं. विक्रीला काढलेल्या बँकेची ही चिन्हं नव्हेत.

३ मे

‘१९२६ मध्ये बँक विकली’ याचा उगम सापडला. विक्रीचा दस्त आहे, पण १९२८ चा, आणि तो फक्त इमारतीचा. विकणारा रिसीव्हर, म्हणजे बुडालेल्या बँकेचा कारभार आवरायला नेमलेला माणूस. दोन महिने दस्त न मिळण्याचं कारण हेच : विकणाऱ्यांच्या सूचीत तो बँकेच्या नावाखाली नाही, बँकरच्याही नाही; रिसीव्हर म्हणून नेमलेल्या माणसाच्या आडनावाखाली आहे. अशा वेळी नावाची सूची सोडून गावठाणाच्या प्लॉट क्रमांकाने शोधावं. इमारतीत पुढे दुसरी बँक आली, दगडी दर्शनी भाग तोच राहिला, आणि घरात ‘बँक विकली’ एवढंच उरलं.

मृत्युलेखात ‘१९२६ मध्ये बँकिंगमधून निवृत्त’. मृत्युलेख घरच्यांच्या सांगण्यावरून लिहिला जाई आणि संपादक गावातच राहत असे.

२१ मे

प्रोबेटचं, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेचा निकाल लावण्याच्या कागदांचं, पाकीट काउंटी कोर्टातून आलं. घडी घातलेले ४३ कागद. उलगडण्याआधी बाहेरच्या बाजूचे शेरे आणि दाखल तारखा टिपल्या. मालमत्तेच्या यादीत १६० एकर नाहीत, गहाण ठेवून घेणाऱ्या विमा कंपनीने ते आधीच घेतलेले. राहतं घर बायकोच्या नावे. तिला केलेला दस्त १९२४ चा, मोबदला ‘प्रेम आणि आपुलकी’, तिकिटं शून्य.

दाव्यांमध्ये डॉक्टर, कोळसा, कबरीचा दगड, आणि शेवटी रिसीव्हरचा दावा. राष्ट्रीय बँक बुडाली की भागधारकाचे शेअर तर जातच, वर दर्शनी किमतीइतकी रक्कम खिशातून भरावी लागे. बँकरचे ८० शेअर, दर्शनी १०० डॉलर, शंभर टक्के आकारणी : ८,००० डॉलर. त्याखाली १९२७ ते १९३१ मधल्या भरण्यांची यादी, ५० आणि ७५ डॉलरचे हप्ते, एकूण ३,१५०. शेवटचा हप्ता मृत्यूच्या एकोणीस दिवस आधीचा.

दुसऱ्या खोक्यातल्या रबराने बांधलेल्या, ‘किरकोळ’ म्हणून नोंदलेल्या पावत्या काढल्या. रकमा आणि तारखा यादीशी जुळतात. एक पावती जास्त आहे, ४० डॉलरची, मृत्यूनंतर पाच आठवड्यांची, बायकोच्या सहीने. रिसीव्हरच्या यादीत ती नाही. अंतिम हिशोबाची प्रत मागवली आहे.